किडनी बरी झाली, पण लघवी काय म्हणते?



जिते आणि आजूबाजूच्या गावांतल्या, वाड्यांतल्या बचत गटांच्या आम्ही साऱ्याजणी आज तुम्हाला एक इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटला की आपल्याला रायगड आठवतो, गड-किल्ले आठवतात. आजचा इतिहास मात्र लघवीचा आहे. हसू नका. या इतिहासात आपल्याच घरातल्या माणसांचा जीव गुंतलेला आहे.

पावसाळा लागला की आपल्याकडे काय काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. लावणीच्या वेळी बांधावर घोणस चावते. चिखलात राबून लेप्टोचा ताप येतो. कुणाला जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी संपतं. एखादीला बाळंतपणात फार रक्त जातं. आजार वेगवेगळे, पण या सगळ्यांत एक धोका सारखाच असतो. किडनी, म्हणजे आपलं मूत्रपिंड, अचानक बंद पडू शकतं. लघवी कमी होते, तोंडावर सूज येते, रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. मग पेण, अलिबाग, पनवेल, कधी थेट मुंबई. सलाइन, इंजेक्शनं, काहींना डायलिसिस. दहा-पंधरा दिवसांनी लघवी सुरू होते, रिपोर्ट सुधारतो आणि माणूस घरी येतो. आपण नारळ फोडतो. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवतो, आणि विषय संपतो.

विषय खरंच संपतो का? बरीच वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो संपला असंच वाटत होतं. त्यांचं मत कसं बदललं, त्याची ही गोष्ट.

चमचा आणि मेणबत्ती

लघवी बघून आजार ओळखायची रीत फार जुनी आहे. आपल्या आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेत, ते लघवीचा रंग, दाटपणा आणि गोडी बघूनच. ग्रीस देशात हिप्पोक्रेटिस नावाचे वैद्य होऊन गेले. लघवीवर बुडबुडे दिसले तर दुखणं किडनीचं आहे आणि ते लांबणार आहे, असं त्यांच्या नावावरच्या ग्रंथात आहे. म्हणजे फेसाळ लघवीची खूण माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तो फेस कशाचा, हे मात्र कळत नव्हतं.

ते नीट जुळवलं लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी. त्यांच्याकडे अंगावर सूज आलेले रुग्ण येत. ते अशा रुग्णाची लघवी चमच्यात घेत आणि चमचा मेणबत्तीवर धरत. काहींची लघवी तापवली की दुधासारखी पांढरी व्हायची, गुठळ्या धरायची. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर टाकला की कसा घट्ट होतो, तसंच ते होतं, कारण दोन्हींत प्रोटीन असतं. लघवीतल्या या प्रोटीनला अल्ब्युमिन म्हणतात. हे रुग्ण दगावल्यावर ब्राइट यांनी त्यांची शरीरं तपासली, तेव्हा किडन्या खराब झालेल्या आढळल्या. १८२७ साली त्यांनी हे सगळं पुस्तकात छापलं. अंगावर सूज, लघवीत प्रोटीन आणि आत बिघडलेली किडनी अशी साखळी त्यांनी जोडून दाखवली. पुढे शंभर वर्षं किडनीच्या दुखण्याला लोक ब्राइटचाच रोग म्हणत होते.

चमचा आणि मेणबत्ती एवढ्यावर हा शोध लागला. आज त्या चमच्याची जागा कागदाच्या पट्टीने घेतली आहे. लघवीत बुडवली की रंग बदलणारी ही पट्टी १९५० च्या दशकात आली. गरोदरपणात नाव नोंदवल्यावर सिस्टर आपली लघवी तपासते ना, तीच ही तपासणी.

दोन आठवडे निभावले की झालं

ब्राइट यांनी पाहिलेली दुखणी हळूहळू वाढणारी होती. एका घावात बंद पडणारी किडनी जगाच्या नजरेत भरली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० साली लंडनवर बाँब पडत होते. पडक्या घरांखाली हात-पाय चिरडलेली माणसं बाहेर काढली जात. बोलायची, पाणी मागायची, वाचली असं वाटायचं. पण काही दिवसांत त्यांची लघवी बंद व्हायची आणि ती मरायची. चिरडलेल्या स्नायूंतला पदार्थ रक्तातून किडनीत जाऊन अडकतो, हे या माणसांच्या अभ्यासातून पुढे आलं. १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं.

त्याच युद्धाच्या काळात नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ नावाचे तरुण डॉक्टर यंत्राने रक्त साफ करायच्या खटपटीत होते. देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळेना. लाकडी पट्ट्यांचा पिंप आणि सॉसेज भरायला वापरतात त्या पातळ नळीची गुंडाळी, यांतून त्यांनी १९४३ साली यंत्र उभं केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली पहिला जीव वाचला, तो ६७ वर्षांच्या एका बाईचा. तिची किडनी अचानक बंद पडली होती. यंत्राने दिवस निभावले, तिची किडनी परत चालू झाली आणि पुढे ती काही वर्षं जगली.

डायलिसिसचा जन्म असा झाला आणि त्यासोबत एक समजही आला. अचानक बंद पडलेली किडनी दोन-तीन आठवड्यांत आपली आपण उठते, तोवर यंत्राने माणूस सांभाळायचा, लघवी लागली की झालं. त्या काळात हा समज सोयीचा होता, कारण रुग्ण वाचणं हीच मोठी गोष्ट होती. वाचलेला पाच वर्षांनी कसा आहे, हे विचारायला फार कुणाला सवड नव्हती.

आपल्या मुलखातले घाव

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये किडनीचा विभाग उभा राहिला, त्यात डॉ. विद्या आचार्य यांचं मोठं काम आहे. भारतातल्या पहिल्या महिला किडनीतज्ज्ञ म्हणून त्यांना ओळखतात. बायकांना वारंवार होणाऱ्या लघवीच्या जंतुसंसर्गावर त्यांनी संशोधन केलं. जे दुखणं बाई लाजून सांगत नाही, त्याचा एका बाईने आयुष्यभर अभ्यास केला, हे आपण लक्षात ठेवू या.

बायकांच्या किडनीचा आणखी एक इतिहास आहे, तोही चोरून झालेल्या दुखण्याचा. गर्भपात कायद्याने बंद होता तेव्हा बायका लपूनछपून उपाय करत. काड्या, औषधं, अस्वच्छ हात. त्यातून अंगात विष पसरायचं आणि किडनी बंद पडायची. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला आणि १९७२ पासून तो लागू झाला. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलच्या नोंदी आहेत. किडनी अचानक बंद पडलेल्या रुग्णांत बाळंतपण आणि गर्भपातातून आलेल्या बायकांचा वाटा साठ-सत्तरच्या दशकात जेवढा होता, तो ऐंशीच्या दशकात निम्म्याहून कमी झाला. कायदा आणि चांगली बाळंतपणाची सेवा यांनी किडन्या वाचवल्या. याला औषध म्हणत नाहीत, पण औषधापेक्षा ते कमी नाही.

१९८६ सालचं मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलचं ग्लिसरॉल प्रकरण आपल्या आई-आजीला आठवत असेल. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ग्लिसरॉल देतात. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जे ग्लिसरॉल आलं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. ते किडनीवरच घाला घालतं. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. खरेदीपासून औषध तपासणाऱ्या सरकारी खात्यापर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत कुठे कुठे कुचराई झाली, ते त्यांच्या अहवालाने मांडलं. औषधसुद्धा किडनी मारू शकतं, हा धडा महाराष्ट्राने त्या वेळी फार महागात घेतला.

आणि २००५ सालचा जुलै कोण विसरेल? २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या रायगडात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. पुढे ते यकृत आणि किडनी धरतात. हा जंतू १९१५ च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी शोधला. तिकडेही भातशेती, इकडेही भातशेती. चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्यांचाच हा आजार.

सापाचंही तसंच. आपल्याकडच्या विषारी सापांत घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि घोणशीचं विष किडनीला फार झोंबतं. सापाच्या विषावरची लस मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत कित्येक वर्षांपासून बनत आली. त्या लसीने असंख्य जीव वाचले. पण लस विष मारते. किडनीवर आधीच पडलेला घाव ती भरून काढत नाही. म्हणूनच चावल्यावर मांत्रिकाकडे गेलेला एकेक तास किडनीच्या खात्यावर कर्ज म्हणून चढतो.

वाचलेल्यांचं पुढे काय झालं?

मेलेल्यांची चौकशी झाली. साथीचे आकडे निघाले. वाचून घरी गेलेल्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. त्याचं उत्तर गेल्या वीस-एक वर्षांत मिळालं. हजारो रुग्णांच्या नोंदी संगणकात साठू लागल्या, तेव्हा डॉक्टर मंडळींनी मागे वळून पाहिलं. एकदा किडनी अचानक बंद पडून ज्यांची सुधारली होती, त्यांना पुढच्या काही वर्षांत किडनीचा कायमचा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघाला. २०१२ साली किडनीच्या उपचारांचे जागतिक नियम आले. अशा प्रत्येक रुग्णाला तीन महिन्यांनी परत तपासा, असं त्यांत सांगितलं आहे.

पण सगळ्यांचीच किडनी पुढे बिघडत नाही. मग कुणाची बिघडेल, हे ओळखायचं कसं? उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात दीड हजारांहून जास्त लोकांवर जवळजवळ पाच वर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या निम्म्यांची किडनी हॉस्पिटलमध्ये असताना अचानक बिघडली होती, निम्म्यांची नव्हती. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांची लघवी तपासली. २०२० साली निष्कर्ष छापला गेला. तीन महिन्यांनी ज्यांच्या लघवीतून प्रोटीन जात होतं, त्यांची किडनी पुढे ढासळण्याची शक्यता जास्त होती. प्रोटीन दुप्पट, तर धोका साधारण दीडपट. आपल्या देशातही सापदंशातून वाचलेल्यांचा पाठपुरावा झाला आहे, आणि काहींच्या लघवीत नंतरही प्रोटीन राहिलेलं दिसलं आहे.

जवळजवळ दोनशे वर्षांनी जग पुन्हा ब्राइटच्या चमच्यापाशी आलं म्हणा ना.

खारेपाटाचा बांध

हे असं का होतं, ते पेणच्या बाईला समजावणं सोपं आहे. आपल्या खारेपाटात खाडीचं पाणी अडवायला बांध असतो. मोठ्या उधाणात त्याला खांड पडली की सगळा गाव धावतो, माती टाकतो, खांड बुजवतो. बांध परत उभा दिसतो. पण पुढच्या भरतीला आतल्या बाजूने बारीक झिरपा दिसला तर जुनं माणूस काय म्हणतं? बांध आतून पोकळ आहे, आताच बघा.

एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात दोन्ही किडन्या मिळून साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक परत रक्तात घेतात. चांगली गाळणी प्रोटीन सहसा बाहेर सोडत नाही. अचानक घाव बसला की काही गाळण्या कायमच्या मरतात. उरलेल्यांवर त्यांचं काम पडतं. लावणीला दहाजणी ठरल्या आणि तिघी आल्याच नाहीत, तर उरलेल्या सातजणी शेत लावतात खऱ्या, पण त्यांच्या कमरा मोडतात. किडनीतही तसंच. जास्तीच्या दाबाने उरलेल्या गाळण्यांची भोकं सैल होतात आणि प्रोटीन झिरपू लागतं. हे झिरपलेलं प्रोटीन पुढच्या नळ्यांनाही सुजवतं, तिथे वण धरतो, आणखी गाळण्या जातात. म्हणजे लघवीतलं प्रोटीन ही बिघाडाची खूणही आहे आणि पुढच्या बिघाडाचं एक कारणही.

यातली फसवी गोष्ट अशी की, त्या वेळी काही दुखत नाही. शेतात जाता येतं, डोक्यावरून हंडा आणता येतो. क्रिएटिनिनही ठीक येऊ शकतं. झिरपा फक्त लघवीत दिसतो.

तीन महिन्यांनी काय करायचं?

किडनी अचानक बिघडून बरं झालेलं कुणीही असो, घरी आल्यापासून तीन महिन्यांनी आरोग्य केंद्रात जायचं. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायचं आणि स्पष्ट सांगायचं, “तेव्हा किडनी बंद पडली होती.” तीन गोष्टी मागायच्या : लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि बीपी. डॉक्टरांनी आधीच बोलावलं असेल तर ती तारीख चुकवायची नाही. सूज आली, लघवी कमी झाली, दम लागला तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच जायचं.

लघवी सकाळची पहिली द्यावी. मासिक पाळीत किंवा ताप असताना दिली तर पट्टी फसवते, त्यामुळे ते दिवस टाळावेत. पट्टीवर प्रोटीन दिसलं म्हणून घाबरायचं नाही, परत तपासायचं आणि डॉक्टर सांगतील तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी करायची. ते ३० च्या खाली असेल तर ठीक. लघवीला फेस नाही म्हणून सगळं ठीक आहे, असंही समजू नका. थोडं प्रोटीन डोळ्याला दिसत नाही.

बाळंतपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन गेलं असेल, तर बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आईचीही लघवी तपासून घ्यायची. बाळाच्या डोसाला आपण जातोच, त्याच फेरीत हेही होतं.

प्रोटीन सापडलं तर उपाय आहेत. बीपी ताब्यात ठेवायचं, साखर असेल तर तीही. बीपीच्या काही गोळ्या गाळणीवरचा दाब उतरवून प्रोटीन कमी करतात. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या, आणि गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगायचं. मीठ कमी. सुकी मासळी, पापड, लोणचं यांवर हात आखडता. अंगदुखीच्या, कंबरदुखीच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्या दुबळ्या किडनीला मारतात. झाडपाल्याचा काढाही विचारल्याशिवाय नाही. लघवीतून प्रोटीन जातं म्हणून वर प्रोटीनची पावडर खायची नाही, आणि घाबरून डाळ-अंडी एकदम बंदही करायची नाहीत. किती खायचं ते डॉक्टर सांगतील.

२ जुलै २०१२ ला राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात डायलिसिस आहे. योजना आहे हे चांगलंच. पण डायलिसिस लागलं की आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडी, हॉस्पिटल आणि बुडालेली मजुरी, आणि बहुतेकदा सोबत जाणाऱ्या बाईचीही मजुरी. त्या वाटेला लागण्याआधी एका पट्टीची तपासणी आपल्या हातात आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून ते काय होतं ते तासातासाला लिहीत गेले. त्या नोंदींतून विंचूदंशावरचा उपचार निघाला आणि तो जगाने घेतला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साध्या वहीतल्या नोंदीची ताकद एवढी असते. आणि मैत्रिणींनो, वही लिहिणं तर आपल्याला येतंच. कुणी किती हप्ता भरला, कुणाचा राहिला, आपण दर महिन्याला लिहितो.

म्हणून जितेच्या आम्ही गटांनी असं ठरवलंय. गटातल्या कुणाच्या घरी साप चावून, लेप्टो होऊन, जुलाबाने किंवा बाळंतपणात किडनीला त्रास झाला, तर ती बाई तयार असेल तेव्हा वहीच्या मागच्या पानावर घरी आल्याची तारीख आणि तीन महिन्यांनंतरची तारीख लिहायची. आजाराचं नाव चारचौघांत वाचायचं नाही. ती तारीख आली की आशाताईंना सांगून एकीने तिच्यासोबत जायचं. वीटभट्टीवर, स्थलांतरावर गेलेल्या वाडीवरच्या बहिणींची आठवण आधी ठेवायची, कारण तारीख त्यांचीच चुकते.

तुमच्या गटातही हे करून बघा. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा, कुणाचं जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर काढा. तीन महिने केव्हाच उलटून गेले असतील, तरी हरकत नाही. उशिरा केलेली तपासणीही उपयोगाची असते.